भाव सांगणारे वाक्य : कूटचलनाच्या विदास्रोतांची एक भाषिक समीक्षा

१. प्रश्नाचे स्वरूप

कूटचलनाचे, म्हणजे क्रिप्टोकरन्सीचे, भाव दाखविणारे एखादे ॲप तयार करावयाचे असल्यास ते भाव कोणत्या एपीआयकडून घ्यावेत, हा प्रश्न वरवर पाहता अभियंत्याचा आहे, भाषाभ्यासकाचा नव्हे. त्याची उत्तरेही आजवर अभियंत्यांच्याच परिभाषेत दिली गेली आहेत. कोणता स्रोत किती नाण्यांची माहिती देतो, मिनिटाला किती विनंत्या स्वीकारतो, किती वेगाने उत्तरतो आणि महिन्याला किती पैसे घेतो, असे चार रकाने आखून तक्ता भरावयाचा व ज्याची बेरीज अधिक त्याची निवड करावयाची, ही रूढ पद्धती होय. हे चारही प्रश्न रास्त आहेत. परंतु ते सारे बोलणारा किती भराभर आणि किती स्वस्तात बोलतो याविषयीचे आहेत. तो काय बोलतो याविषयी त्यांतला एकही नाही.

एपीआय म्हणजे ठरावीक शब्दांत प्रश्न केला असता ठरावीक घाटात उत्तर देणारी यंत्रणा. ते उत्तर हे एक विधान असते. त्यात नाम असते, संख्या असते, परिमाण असते, कधी काळाचा निर्देश असतो, कधी नसतो. ॲपच्या पडद्यावर ते विधान ‘बिटकॉइनचा भाव अमुक रुपये आहे’ अशा वाक्याचे रूप घेते आणि वाचणारा मनुष्य त्या वाक्यावर विसंबून कृती करतो. भारतात १ एप्रिल २०२२ पासून अशा आभासी डिजिटल मालमत्तेच्या हस्तांतरणातील नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि एका व्यवहारातील तोटा दुसऱ्या व्यवहारातील नफ्यातून वजा करता येत नाही. तेव्हा पडद्यावरील आकडा हा नुसता शोभेचा आकडा राहत नाही. दुसरीकडे, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र व भाषातंत्रज्ञान या विषयांचे विद्यार्थी हीच विदा प्रबंधांसाठी आधारभूत सामग्री म्हणून वापरतात. विधान सदोष असेल, तर त्यावर उभारलेले अनुमानही सदोष ठरणार हे उघड आहे.

प्रस्तुत लेखात चार स्रोतांच्या उत्तरांची व माहितीपत्रकांची भाषिक अंगाने परीक्षा केली आहे. कॉइनमार्केटकॅप (२०१३) आणि कॉइनगेको (२०१४) हे दोन संकलक, म्हणजे अनेक पेठांतील भाव गोळा करून त्यांचा एक भाव काढणारे. आणि बायनान्स व क्रॅकन ही दोन एक्स्चेंजे, म्हणजे जेथे प्रत्यक्ष व्यवहार होतात त्या पेठा. परीक्षेसाठी निकष आपल्याच शास्त्रपरंपरेतून घेतले आहेत. पदसमूहापासून वाक्यार्थाचा बोध होण्यास आकांक्षा, योग्यता व संनिधी ही तीन अंगे आवश्यक मानली आहेत. यंत्राच्या विधानालाही ती तितकीच आवश्यक आहेत, हे पुढे दाखवावयाचे आहे. मात्र वाक्याच्या आधी पद येते. म्हणून प्रथम नामाचा विचार करू.

२. नाम आणि नामी

कूटचलनांना तीनचार अक्षरांची संक्षिप्त चिन्हे असतात: बीटीसी, ईटीएच, एक्सआरपी. नवशिक्या विकासकाची पहिली प्रवृत्ती हे चिन्ह म्हणजेच त्या चलनाचे नाव असे समजण्याची असते. परंतु ही चिन्हे पतंजलीच्या वर्गीकरणातील यदृच्छाशब्दांसारखी आहेत. ठेवणाऱ्याच्या इच्छेखेरीज त्यांना दुसरा आधार नाही. राष्ट्रीय चलनांच्या चिन्हांना आयएसओ ४२१७ या प्रमाणाचे नियंत्रण असते. त्यात पहिली दोन अक्षरे सामान्यतः देशाची असतात, आणि कोणत्याही एका देशाचे नसलेल्या सोन्यासारख्या द्रव्यास ‘एक्स’ या अक्षराने आरंभ होणारे चिन्ह मिळते. या नियमाने पाहता ‘बीटीसी’ हे चिन्ह अशुद्धच ठरते, कारण ‘बीटी’ ही अक्षरे भूतानची आहेत. म्हणून काही पेठांनी ‘एक्सबीटी’ हे रूप स्वीकारले. क्रॅकन हे त्याचे ठळक उदाहरण. क्रॅकनच्या रेस्ट एपीआयमध्ये तर आणखी एक गंमत आहे. ‘एक्सबीटीयूएसडी’ या नावाने प्रश्न विचारला असता उत्तर येते ते ‘एक्सएक्सबीटीझेडयूएसडी’ या नावाखाली. आरंभीचा जादा ‘एक्स’ कूटचलनाचा आणि मधला ‘झेड’ राष्ट्रीय चलनाचा उपसर्ग आहे. हे व्याकरण ज्यास ठाऊक नाही, त्यास आपल्याच प्रश्नाचे उत्तर ओळखता येत नाही.

बायनान्सची अडचण निराळी आहे. तेथे ‘बीटीसीयूएसडीटी’ असे दोन पदांचे एकच जोडपद येते, आणि पदच्छेद कोठे करावा याची खूण त्या पदात नाही. चिन्हांची लांबी सारखी नसल्याने अक्षरे मोजून विग्रह करणे धोक्याचे आहे. सुदैवाने त्याच एपीआयमध्ये प्रत्येक जोडीचे मूळ व मोजमापाचे असे दोन घटक स्वतंत्रपणे सांगणारे एक उत्तर उपलब्ध आहे. विग्रह त्याच्या आधाराने करावा, स्वतःच्या तर्काने करू नये.

याहून गंभीर दोष अनेकार्थतेचा होय. ‘सैंधव आण’ असे म्हटले असता भोजनाच्या वेळी मीठ आणावयाचे आणि प्रवासाच्या वेळी घोडा, हे श्रोता प्रकरणावरून जाणतो. यंत्राला प्रकरण कळत नाही. १ ऑगस्ट २०१७ रोजी बिटकॉइनपासून फुटून बिटकॉइन कॅश हे वेगळे चलन निघाले, तेव्हा काही पेठांनी त्यास ‘बीसीसी’ हे चिन्ह दिले, तर काहींनी ‘बीसीएच’. ‘बीसीसी’ हे चिन्ह त्याच वेळी बिटकनेक्ट नावाच्या सर्वस्वी भिन्न चलनाचेही होते, आणि त्या चलनाचा डोलारा जानेवारी २०१८ मध्ये कोसळला. एकाच तीन अक्षरी पदाने एके ठिकाणी मीठ व दुसरे ठिकाणी घोडा यावा, तसा हा प्रकार होता.

मे २०२२ मधील लूनाचे प्रकरण त्याहून बोधप्रद आहे. टेरा या जाळ्यातील लूना हे चलन काही दिवसांत जवळजवळ निर्मूल्य झाले. २८ मे २०२२ रोजी त्याच प्रवर्तकांनी नवे जाळे सुरू केले. ‘लूना’ हे नाव नव्या चलनास देण्यात आले आणि जुन्यास ‘लूना क्लासिक’ म्हणण्यात येऊ लागले. नाम तेच राहिले, नामी बदलला. ज्या ॲपने वापरणाऱ्याच्या संग्रहाची नोंद केवळ ‘लूना’ या चिन्हाने ठेवली असेल, ते ॲप जुन्या, सेंटच्या सूक्ष्म अंशाइतक्या किमतीच्या नाण्यांना नव्या नाण्याचा काही डॉलरांचा भाव लावणार. बुडालेल्या मनुष्यास श्रीमंत झाल्याचे सांगणारे हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असते, हीच त्यातील आपत्ती होय.

या संकटावर दोन्ही संकलकांनी आपापला उपाय योजला आहे, आणि येथे त्यांच्या गुणांची तुलना करता येते. कॉइनमार्केटकॅप प्रत्येक चलनास एक अंक देते: बिटकॉइनला १, ईथरियमला १०२७. चिन्हे अद्वितीय नसल्याने या अंकाचाच वापर करावा, असे तिचे माहितीपत्रक बजावून सांगते. तिच्या भावविषयक उत्तराच्या दुसऱ्या आवृत्तीत चिन्हाने प्रश्न केल्यास एकच उत्तर न येता त्या चिन्हाच्या सर्व धारकांची यादी येते. संदिग्धता लपविण्याऐवजी ती श्रोत्यापुढे उघड करण्याची ही रीत प्रशंसनीय आहे. कॉइनगेको मात्र शब्दरूप ओळखनामे वापरते. जुन्या लूनाचे ‘टेरा-लूना’, नव्याचे ‘टेरा-लूना-२’. शब्दरूपात वाचनसुलभता आहे, पण शब्दासवे इतिहासही येतो: एक्सआरपीचे ओळखनाम ‘रिपल’ आहे आणि ॲव्हलांचचे ‘ॲव्हलांच-२’. त्यामुळे शब्दरूप नामावरून अर्थाचा अंदाज बांधण्याचा मोह होतो आणि तो अंदाज चुकतो. अंकाला अर्थच नसल्याने तो मोह उत्पन्न होत नाही. नामाची निरर्थकता हा येथे गुण आहे.

३. आकांक्षा

‘देवदत्त गावास’ एवढे म्हणून वक्ता थांबला, तर श्रोत्याची क्रियापदाची अपेक्षा अपुरी राहते. हीच आकांक्षा. भाव या शब्दाची आकांक्षा तपासण्यासाठी मराठीतील एका भेदाकडे लक्ष वेधणे इष्ट वाटते. एपीआयच्या इंग्रजी भाषेत ज्याला ‘प्राइस’ या एकाच नावाने संबोधले जाते, त्यासाठी मराठीत भाव, किंमत आणि मूल्य असे तीन शब्द आहेत, आणि ते परस्परांचे पर्याय नाहीत. किंमत ही झालेल्या किंवा व्हावयाच्या व्यवहारात मोजावयाची रक्कम. मूल्य ही वस्तूची योग्यता. आणि भाव हा पेठेचा असतो. भाव म्हणताच ‘कोठला, केव्हाचा, कशावर’ हे तीन प्रश्न आपोआप उभे राहतात. सोस्यूरने १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत भाषेतील मूल्याची तुलना अर्थशास्त्रातील मूल्याशी केली, ती दोन्ही व्यवस्था भिन्न जातीच्या वस्तूंमध्ये तुल्यता प्रस्थापित करतात म्हणून. तुल्यतेची एक बाजू अनुक्त ठेवली, तर विधान अपुरे राहते, हे त्यावरूनही निष्पन्न होते.

या दृष्टीने लासलगावच्या बाजार समितीचा कांद्याच्या भावाचा दैनिक तक्ता पाहावा. त्यात पेठेचे नाव असते, तारीख असते, मालाची जात असते, आवक असते. आणि भाव एक नसून किमान, कमाल व सर्वसाधारण असे तीन असतात, तेही क्विंटलमागे रुपयांत. हे वाक्य पूर्ण आहे. आता बायनान्सचे सर्वांत साधे भावविषयक उत्तर घेऊ. त्यात दोनच गोष्टी येतात: जोडीचे चिन्ह आणि संख्या. वेळ नाही, उलाढाल नाही. कॉइनगेकोच्या साध्या भावोत्तरातही चलनाचे ओळखनाम, मोजमापाचे चलन आणि संख्या एवढेच असते. भाव शेवटी केव्हा अद्ययावत झाला हे हवे असल्यास विनंतीत तसे वेगळे सांगावे लागते. कॉइनमार्केटकॅप मात्र भावासोबत अद्ययावततेची वेळ न मागता देते. निकष एकच लावला, तर येथे कॉइनमार्केटकॅपचे वाक्य अधिक निराकांक्ष आहे.

‘कशात’ या प्रश्नाचे उत्तर विशेष काळजीने वाचले पाहिजे. बायनान्सच्या जोडपदातील ‘यूएसडीटी’ म्हणजे डॉलर नव्हे. डॉलरशी बांधलेले टेदर नावाचे दुसरे कूटचलन होय. सामान्य दिवशी हा भेद नगण्य असतो. परंतु १० मार्च २०२३ रोजी अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली. यूएसडीसी या अशाच दुसऱ्या बांधील चलनाच्या राखीव निधीतील ३.३ अब्ज डॉलर त्या बँकेत होते. दुसऱ्याच दिवशी त्या चलनाचा भाव डॉलरच्या ८८ सेंटांच्याही खाली उतरला. त्या दिवशी यूएसडीसीमध्ये मोजलेला बिटकॉइनचा भाव डॉलरमध्ये मोजलेल्या भावाहून बराच चढा दिसत होता. चढले काहीच नव्हते, मापच आखडले होते. पेशवाईतील सराफास अंकुशी, चांदवडी आणि हाली सिक्का या रुपयांमधील बट्टा कसा आकारावा हे ठाऊक असे. नुसते ‘रुपये’ म्हणणाऱ्याशी तो हिशेब करीत नसे. आजच्या ॲपकाराने निदान तेवढी दक्षता ठेवावी.

पदांचा संबंध कसा दर्शविला जातो, हाही आकांक्षेचाच भाग आहे. संस्कृतात तो विभक्तीने दाखविला जातो, म्हणून पदांचा क्रम बदलला तरी अर्थ टिकतो; इंग्रजीत तो बव्हंशी क्रमावर अवलंबून असतो. विदेच्या भाषेतही हे दोन प्रकार आढळतात. कॉइनमार्केटकॅपच्या उत्तरात प्रत्येक संख्येसमोर तिचे नाव असते. बायनान्सच्या कालखंडवार भावांच्या उत्तरात मात्र बारा मूल्यांची अनाम मालिका येते: पहिले आरंभीची वेळ, दुसरे उघडता भाव, तिसरे कमाल, चौथे किमान, पाचवे बंद भाव, अशा क्रमाने. स्थान चुकले की अर्थ चुकला. बारावे मूल्य तर ‘दुर्लक्ष करावे’ अशाच शेऱ्याने दिलेले आहे. जुन्या श्लोकांतील पादपूरणार्थक अव्ययांची आठवण व्हावी असा हा प्रकार. अशी मालिका आटोपशीर असते, हे तिचे समर्थन. पण ती स्वीकारणाऱ्याने आपल्या दारातच प्रत्येक स्थानास नाव देऊन मग ती आत घ्यावी.

४. योग्यता

‘अग्नीने शिंपतो’ हे वाक्य साकांक्ष पदांनी युक्त असूनही बोध देत नाही, कारण अग्नीचा शिंपण्याशी संबंध बाधित आहे. योग्यता म्हणजे असा बाध नसणे. १४ डिसेंबर २०२१ रोजी कॉइनमार्केटकॅपवर बिटकॉइनचा भाव अब्जावधी डॉलर दिसू लागला; कॉइनबेस या एक्स्चेंजच्या वापरकर्त्यांनाही तसेच विपरीत आकडे दिसले. उत्तराचा घाट शुद्ध होता, नाम बरोबर होते, परिमाण होते, वेळ होती. फक्त अर्थ अशक्य होता. यावरून असे म्हणता येईल की, रूपाची तपासणी करणाऱ्या यंत्रणा योग्यतेची तपासणी करू शकत नाहीत. ती ॲपकाराने स्वतः केली पाहिजे. मागील भावाशी तुलना करून अतिरेकी उडी आढळल्यास दुसऱ्या, स्वतंत्र स्रोताशी ती पडताळावी आणि तोवर आकडा रोखून धरावा.

कॉइनगेको एक्स्चेंजनिहाय भावांच्या उत्तरात दोन विशेषणे पुरविते: हा भाव इतरांहून विसंगत आहे काय, आणि हा भाव बराच काळ न बदललेला, म्हणजे शिळा, आहे काय. वक्त्याने आपल्याच विधानाविषयी शंका नोंदविण्याची ही सोय मोलाची आहे. कॉइनमार्केटकॅपमध्येही एक तशीच सूक्ष्म खूण आहे. चलनात असलेल्या नाण्यांची संख्या तिने स्वतः पडताळलेली असल्यास एका रकान्यात येते, आणि केवळ प्रवर्तकांनी सांगितलेली असल्यास ‘स्वयंकथित’ अशा वेगळ्या रकान्यात. ज्ञानाचा उगम क्रियापदाच्या रूपातच दाखविणाऱ्या भाषा जगात आहेत. मराठीत ते काम ‘म्हणे’ हे लहानसे पद करते. ‘तो आला’ आणि ‘तो आला म्हणे’ यांतील जबाबदारीचा फरक प्रत्येक मराठी भाषकास कळतो. स्वयंकथित संख्येस भावाने गुणून बाजारमूल्य दाखविणाऱ्या ॲपने ते ‘म्हणे’ गाळता कामा नये.

उलाढालीच्या आकड्यांत तर ‘म्हणे’ची गरज सर्वाधिक आहे. मार्च २०१९ मध्ये बिटवाइज या संस्थेने अमेरिकेच्या रोखे आयोगापुढे केलेल्या विवेचनात, कॉइनमार्केटकॅपवर दिसणाऱ्या बिटकॉइनच्या उलाढालीपैकी सुमारे ९५ टक्के उलाढाल खोटी वा आर्थिक अर्थ नसलेली असल्याचे प्रतिपादन केले. त्याच वर्षी कॉइनगेकोने एक्स्चेंजांसाठी विश्वासांक सुरू केला. संकलित भाव पुष्कळदा उलाढालीच्या भाराने काढला जात असल्याने, उलाढाल खोटी असली की भावाची सरासरीही झुकते.

योग्यतेच्या संदर्भात अभावाचाही विचार करावा लागतो. व्याकरणात लोप आणि मुळातच नसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. विदेच्या भाषेत दोहोंसाठी ‘नल’ हे एकच चिन्ह येते. ईथरच्या कमाल संख्येच्या जागी ते दिसते, कारण तशी मर्यादाच ठरलेली नाही. एखाद्या नवख्या चलनापुढे ते दिसते, कारण संख्या कोणी पुरविलेली नाही. आणि निष्काळजी ॲप दोन्ही ठिकाणी शून्य छापते! संख्येच्या अचूकतेचीही गोष्ट अशीच. बायनान्स भावाची संख्या अवतरणचिन्हांत, अक्षररूपाने पाठविते. कॉइनगेको ती अंकरूपाने देते. संगणकातील नेहमीची द्विगुणित दशांश संख्या १५ ते १७ सार्थ अंकच जपते, तर ईथरचे १८ दशांश स्थळांपर्यंत विभाजन होते. म्हणून हिशेबाच्या ॲपसाठी अक्षररूप संख्या अधिक सुरक्षित, केवळ दर्शनासाठी अंकरूप पुरेसे.

५. संनिधी

‘गाय’ हे पद सकाळी उच्चारले आणि ‘आण’ हे सायंकाळी, तर त्यांचे वाक्य होत नाही. पदांचे कालिक सामीप्य हीच संनिधी. आपल्या विषयात हा नियम अक्षरशः लागू पडतो. रुपयातील भाव पुष्कळदा डॉलरमधील संकलित भावास विनिमयदराने गुणून सिद्ध केलेला असतो. कूटचलनाची पेठ शनिवारी-रविवारी चालू असते. रुपया-डॉलरची पेठ तेव्हा बंद असते. म्हणजे रविवारी रात्री दिसणाऱ्या रुपयांच्या भावात एक पद त्या क्षणाचे आणि दुसरे शुक्रवारचे असते. शिवाय हा भाव भारतातील कोणत्याही पेठेत कोणी दिलेला वा घेतलेला असेलच असे नाही. नाशिकचा वाचक मात्र तो आकडा ‘आपल्याला आता इतके मिळतील’ असाच वाचतो.

काळाच्या परिमाणातही एकवाक्यता नाही. कॉइनगेकोच्या साध्या भावोत्तरात अद्ययावततेची वेळ सेकंदांत येते, तर तिच्याच ऐतिहासिक मालिकेत ती सहस्रांश सेकंदांत. दुसरीस पहिलीप्रमाणे वाचल्यास तारीख पन्नास हजार वर्षांहून अधिक पुढे जाते. ही चूक निदान डोळ्यांत भरते. न भरणाऱ्या चुका अधिक घातक. जागतिक प्रमाणवेळेनुसार दिवस पालटतो तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात, म्हणून ‘१ एप्रिलचा भाव’ म्हणजे कोणत्या १ एप्रिलचा हे सांगावेच लागते. तसेच ‘२४ तासांतील बदल’ हा सरकत्या चोवीस तासांचा असतो, पंचांगातील दिवसाचा नव्हे. कॉइनगेकोची ऐतिहासिक मालिका मागितलेल्या कालावधीनुसार आपला कण बदलते: एका दिवसाची मागितल्यास पाच मिनिटांचे अंतर, नव्वद दिवसांपर्यंत एका तासाचे, त्यापुढे एका दिवसाचे. प्रबंधकाराने वेगवेगळ्या कालावधींच्या मालिका जोडून चंचलतेचे गणित केले, तर त्यास पेठेची चंचलता न मिळता आपल्याच प्रश्नांची मिळेल.

क्षणोक्षणीच्या भावासाठी पुनःपुन्हा विचारणे हा मार्ग नव्हे. एक्स्चेंजे त्यासाठी वेबसॉकेटचा अखंड प्रवाह देतात. अतिरेकी विचारणा करणाऱ्यास बायनान्स प्रथम ४२९ या क्रमांकाने समज देते, आणि न ऐकणाऱ्यास ४१८ या क्रमांकाने दाराबाहेर ठेवते. ॲपने थेट स्रोतास न विचारता मध्ये स्वतःचा सर्व्हर ठेवावा, उत्तर थोडा काळ साठवावे, आणि साठवलेल्या भावासमोर त्याची वेळ छापावी. एपीआयची गुप्त किल्लीही त्यामुळे ॲपमधून बाहेर पडत नाही.

६. वक्त्याचे आप्तत्व

नैयायिकांनी शब्दास प्रमाण मानताना वक्ता आप्त असावा अशी अट घातली. आप्त म्हणजे यथार्थ जाणणारा आणि जाणले तसे सांगणारा. संकलकाचा भाव हा निसर्गात सापडणारा पदार्थ नसून कोणत्या पेठा धरावयाच्या व कोणत्या वगळावयाच्या या निर्णयाचे फलित असतो. ८ जानेवारी २०१८ रोजी कॉइनमार्केटकॅपने दक्षिण कोरियातील पेठा, तेथील भाव जगाहून फार चढे असल्याने, सरासरीतून वगळल्या. पूर्वसूचना नसल्याने अनेकांनी ती पेठेतील घसरण समजून विक्री केली. निर्णय समर्थनीय होता; तो मुकाट्याने घेणे समर्थनीय नव्हते. शब्दाची व्याख्या बदलली, पण श्रोत्यास कळविले नाही. एप्रिल २०२० मध्ये बायनान्सने कॉइनमार्केटकॅप विकत घेतले. तेव्हापासून पेठांचा क्रम लावणारा आणि त्या क्रमातील एक पेठ यांचे स्वामित्व एक झाले. यावरून अप्रामाणिकपणा सिद्ध होत नाही. परंतु वक्त्याचा हितसंबंध श्रोत्यास ठाऊक असलाच पाहिजे.

वक्ता उद्या बोलेल काय, हाही आप्तत्वाचाच प्रश्न. एफटीएक्स या बलाढ्य एक्स्चेंजने ११ नोव्हेंबर २०२२ रोजी दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि तिच्या एपीआयवर विसंबलेली ॲपे मुकी झाली. २८ डिसेंबर २०२३ रोजी भारताच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाने बायनान्स व क्रॅकनसह नऊ परदेशी एक्स्चेंजांना नोटिसा देऊन त्यांची संकेतस्थळे रोखण्याची शिफारस केली, आणि जानेवारी २०२४ मध्ये ती रोखली गेली. बायनान्सने पुढे त्याच वर्षी भारतात नोंदणी केली. कॉइनमार्केटकॅपने आपला विनाकिल्ली सार्वजनिक एपीआय २०१८ मध्ये बंद केला. तात्पर्य इतकेच की, ॲपच्या आतल्या भाषेचे शब्द कोणत्याही एका स्रोताचे असू नयेत. आपली संज्ञा आपण ठरवावी आणि प्रत्येक स्रोताच्या बोलीतून तिच्यात भाषांतर करणारा एक लहान दुभाषी लिहावा. वक्ता बदलला तर दुभाषी बदलेल, ग्रंथ बदलणार नाही.

७. निर्णय

येथे एक आक्षेप संभवतो. इतकी चिकित्सा करीत बसल्यास ॲप कधीच तयार होणार नाही, आणि सामान्य वापरणाऱ्यास स्थूल आकडा पुरेसा असतो. या आक्षेपात तथ्य आहे. परंतु त्याचे उत्तर वाक्यार्थविचारातच आहे. आकांक्षा, योग्यता व संनिधी यांच्या जोडीला तात्पर्य, म्हणजे वक्त्याचा अभिप्रेत हेतू, हेही कारण कित्येकांनी मानले आहे. कोणता एपीआय चांगला, हा प्रश्न तात्पर्यावाचून विचारला, तर तोच अपुरे वाक्य ठरतो.

केवळ स्थूल भाव दाखविणे हे तात्पर्य असल्यास संकलक पुरेसा आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते नामाच्या स्थैर्यात व वाक्याच्या पूर्णतेत कॉइनमार्केटकॅप सरस आहे. शंकेच्या खुणा पुरविण्यात आणि कोणत्याही एक्स्चेंजच्या मालकीपासूनच्या अलिप्ततेत कॉइनगेको सरस आहे. दोहोंपैकी कोणीही घेतला, तरी नोंद त्याच्या ओळखनामाने ठेवावी, चिन्हाने कदापि ठेवू नये. प्रत्यक्ष खरेदी-विक्रीचे ॲप असल्यास ज्या पेठेत व्यवहार व्हावयाचा तिचाच भाव प्रमाण. तेथे सरासरी ही असत्याची सभ्य आवृत्ती ठरते. कराच्या हिशेबासाठी भाव सांगणारा एपीआय मुळातच नको. तेथे हवी ती वापरणाऱ्याच्या झालेल्या व्यवहारांची नोंद, म्हणजे भाव नव्हे तर किंमत. आणि संशोधनासाठी स्रोत कोणताही असो, मूळ उत्तर जसेच्या तसे, प्राप्तीच्या वेळेसह आणि माहितीपत्रकाच्या त्या दिवशीच्या प्रतीसह जतन करावे. पाठभेद नोंदविल्यावाचून पोथी प्रसिद्ध करणारा संपादक आपण विश्वसनीय मानीत नाही. विदेच्या संपादकास निराळा न्याय लावण्याचे कारण नाही.

दर व मर्यादा यांचे तक्ते दर काही महिन्यांनी बदलतात. विधान पूर्ण आहे की अपूर्ण, संभाव्य आहे की बाधित, एका क्षणाचे आहे की अनेक क्षणांचे, हे पाहण्याची दृष्टी मात्र स्रोत बदलला तरी कामी येते. लासलगावच्या तक्त्यास जे साधले आहे ते, म्हणजे कोठला, केव्हाचा, कशाचा आणि कशात, एवढे प्रत्येक भावासोबत सांगणारा जो स्रोत, तो निवडावा. आणि तसा न मिळाल्यास उरलेली पदे ॲपने स्वतः पुरवून मगच ते वाक्य वाचकापुढे ठेवावे.